तळे कोणाचे? राखणदार कोणाचे?

बंगळुरू शहरात 11 सप्टेंबर 2019 रोजी बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेज मैदानापासून एक प्रचंड मोर्चा निघाला. वक्कलिग समाजाच्या संघटनांनी तो काढला होता. काँग्रेसचे नेते डी. के. शिवकुमार यांना अंमलबजावणी संचालनालयाने (ईडीने) 3 सप्टेंबरच्या रात्री दिल्लीत अटक केली होती, तिचा निषेध करण्यासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. त्याआधीच्या आठवड्यात रामनगर आणि कनकपुरा भागांत बसगाड्या जाळल्या गेल्या, दुकाने बंद राहिली. त्यानंतर नऊच दिवसांनी, 20 सप्टेंबर 2019 रोजी, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात पत्रकारांसमोर जाहीर केले की कंपन्यांवरील कराचा मूळ दर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणि नव्या कारखानदारीसाठी 15 टक्क्यांवर आणला जात आहे. या एका वटहुकमाने सरकारी तिजोरीचे वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपये उत्पन्न बुडणार, हा सरकारचाच अंदाज होता. त्या दिवशी बंगळुरूत बस अडली नाही, दुकान बंद झाले नाही, मोर्चा निघाला नाही.

एका महिन्यातील या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे आपल्या देशात मालमत्ता आणि कर या प्रश्नांवर लोकमत कसे घडविले जाते, कोठे पेटविले जाते आणि कोठे निजविले जाते, याचा उलगडा होऊ लागतो. एका पुढाऱ्याच्या कोट्यवधी रुपयांच्या हिशेबावरून समाजाचे दोन तट पडतात. लाखो कोटींची सूट मात्र ‘अर्थव्यवस्थेला चालना’ म्हणून मुकाट्याने गिळली जाते. शिवकुमार दोषी की निर्दोष, हे ठरविणे हे या लेखाचे काम नव्हे. कष्टकरी जनतेने या वादात कोणत्या बाजूला उभे राहावे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

प्रकरण काय होते?

ऑगस्ट 2017 मध्ये गुजरातेतील राज्यसभेच्या निवडणुकीच्या वेळी काँग्रेसने आपले आमदार फुटू नयेत म्हणून त्यांना बंगळुरूजवळच्या एका आलिशान विश्रामगृहात आणून ठेवले. त्यांच्या बंदोबस्ताची जबाबदारी शिवकुमार यांच्यावर होती. 2 ऑगस्ट रोजी त्याच ठिकाणी आणि त्यांच्या इतर जागांवर आयकर खात्याच्या धाडी पडल्या. दिल्लीतील घरांतून साडेआठ कोटींच्या आसपास रोकड मिळाल्याचे खात्याने सांगितले. 2018 मध्ये ईडीने गुन्हा नोंदविला, 2019 मध्ये अटक झाली. त्याच वर्षी 23 ऑक्टोबरला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. येडियुरप्पा सरकारने 2019 मध्येच सीबीआयला चौकशीची संमती दिली होती. शिवकुमार मे 2023 मध्ये उपमुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्याच मंत्रिमंडळाने ती संमती काढून घेतली. 5 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ईडीची 2018 ची कारवाई रद्द केली. केवळ कटाचे कलम लावून मनी लाँडरिंगचा कायदा चालविता येत नाही, कट हा त्या कायद्याच्या अनुसूचीतील गुन्ह्याचा असावा लागतो, हा त्यामागचा कायद्याचा मुद्दा होता.

या साऱ्या घटनाक्रमातून जनतेला काय मिळाले? मालमत्ता कशी वाढली, याचे उत्तर मिळाले नाही. धाड घालणाऱ्याने ते शोधले नाही आणि संमती काढून घेणाऱ्याने ते शोधू दिले नाही. निवडणुकीपूर्वी सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रांप्रमाणे शिवकुमार व त्यांच्या कुटुंबाची मालमत्ता 2013 मध्ये सुमारे 251 कोटी, 2018 मध्ये सुमारे 840 कोटी आणि 2023 मध्ये सुमारे 1,413 कोटी रुपये होती. ही त्यांनी स्वतः जाहीर केलेली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने उजळ माथ्याची मालमत्ता आहे. लोकमताने खरे तर येथेच थबकायला हवे होते. दहा वर्षांत साडेपाच पट होणारी ही संपत्ती बेकायदेशीर असेल तर ते एक पाप. आणि ती पूर्णपणे कायदेशीर असेल, तर असा कायदा कोणी आणि कोणासाठी केला, हा त्याहून मोठा प्रश्न!

‘आमचा माणूस’

या प्रश्नाला बगल देणारे पहिले लोकमत जातीच्या नावाने उभे राहते. ‘आमच्या समाजाचा माणूस वर येतो आहे, म्हणून त्याला खाली खेचतात’, हे त्याचे सूत्र. कर्नाटकात ते एका जातीपुरते नाही. जुलै 2011 मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांनी बेल्लारीच्या बेकायदा खाणींवरील अहवाल दिला, मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पायउतार व्हावे लागले आणि ऑक्टोबरात जमिनींच्या प्रकरणात ते तुरुंगात गेले. खाण कंपनीच्या देणग्यांच्या खटल्यात ऑक्टोबर 2016 मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. जुलै 2021 मध्ये त्यांची खुर्ची पुन्हा डळमळू लागली, तेव्हा लिंगायत मठांचे स्वामी रांगेने त्यांच्या बंगल्यावर पाठिंबा द्यायला गेले. 2024 मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या पत्नीला म्हैसूरच्या नगरविकास प्राधिकरणाकडून मिळालेल्या 14 भूखंडांवरून वादळ उठले. तेव्हा अल्पसंख्य, मागास आणि दलित यांच्या ‘अहिंद’ एकजुटीवरच हा हल्ला आहे, असे सांगितले गेले. पुढे भूखंड परत केले गेले आणि लोकायुक्त पोलिसांनी फेब्रुवारी 2025 मध्ये पुरावा नसल्याचा अहवाल दिला. नेते तीन, जाती तीन, पक्ष दोन. समर्थनाची तऱ्हा मात्र एकच!

या मोर्चांत चालणाऱ्या गरीब शेतकऱ्याला हसण्याचे कारण नाही. हसणारे शहरी पंडित एक गोष्ट विसरतात. ज्या राज्ययंत्रणेत सातबाऱ्यासारखा साधा उतारा, दवाखान्यातील खाट, मुलाचा प्रवेश, कूपनलिकेची वीजजोडणी हक्काने मिळत नाही, तेथे या साऱ्या गोष्टी पुढाऱ्याच्या चिठ्ठीने मिळवाव्या लागतात. पुढारी हा त्या शेतकऱ्याच्या लेखी राज्ययंत्रणेचा एकमेव उघडा दरवाजा असतो. दरवाजा बंद होईल या भीतीने तो रस्त्यावर येतो. पण त्याच्या एकरावर कोणी कुंपण घातले, त्याच्या रेशमाच्या कोशांचा भाव कोणी पाडला, त्याच्या मुलाला बंगळुरूत पहारेकऱ्याची नोकरी का करावी लागते, हे प्रश्न त्या मोर्चात विचारले जात नाहीत. जात एक असली तरी 1,413 कोटींचा धनी आणि दीड एकराचा कुळवाडी यांचे हितसंबंध एक नाहीत. हे सांगण्याचे धैर्य जातीच्या व्यासपीठावर कोणातच नसते.

‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही आपली जुनी म्हण. ती आज पुढाऱ्यांच्या बचावासाठी सर्रास वापरली जाते. परंतु ओंजळभर पाणी चाखणे वेगळे आणि तळेच बुजवून त्यावर इमले बांधणे वेगळे. बंगळुरूच्या बाबतीत हा केवळ वाक्प्रचार उरलेला नाही, कारण त्या शहरातील कितीतरी तळी खरोखरच बुजविली गेली आहेत.

‘सारे चोर, धाडी चांगल्या’

दुसरे लोकमत शहरी मध्यमवर्गाचे. त्याला पुढारी नकोसे वाटतात, धाडी हव्याशा वाटतात. वर्तमानपत्रात नोटांच्या थप्प्यांचे छायाचित्र आले की त्याला न्याय झाल्यासारखे वाटते. हे मत वरवर निःपक्ष दिसते. प्रत्यक्षात सत्ताधाऱ्यांच्या हातातील ते सर्वांत उपयोगी हत्यार आहे.

मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारनेच राज्यसभेत आकडे दिले. त्याआधीच्या दहा वर्षांत ईडीने खासदार, आमदार आणि राजकीय नेते यांच्यावर 193 प्रकरणे दाखल केली आणि त्यांपैकी शिक्षा झाली दोन प्रकरणांत! मग उरलेल्या धाडी कशासाठी होत्या? उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. 27 जून 2023 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भोपाळच्या सभेत राष्ट्रवादी काँग्रेसवर सुमारे 70 हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला. पाचच दिवसांनी, 2 जुलै रोजी, त्या पक्षाचे अजित पवार उपमुख्यमंत्री म्हणून आणि छगन भुजबळ व हसन मुश्रीफ मंत्री म्हणून मुंबईच्या राजभवनात भाजपच्या मांडीला मांडी लावून बसले. पवारांच्या नातेवाइकांवर आयकराच्या धाडी 2021 मध्ये पडल्या होत्या, भुजबळांना ईडीने 2016 मध्ये अटक केली होती, मुश्रीफांच्या घरी ईडी त्याच वर्षी जानेवारीत येऊन गेली होती. धाड हा न्यायाचा आरंभ नसून सौद्याचा आरंभ असतो, हे यातून उघडे पडले.

बंगळुरूच्या मध्यमवर्गाने आपल्याच शहरातील आणखी एक दृश्य आठवावे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटाबंदी झाली. बांधकामावरचे मजूर, मोलकरणी, भाजीवाल्या बँकांच्या दारात दिवसचे दिवस उभ्या राहिल्या. त्यानंतर आठ दिवसांनी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर खाणसम्राट आणि भाजपचे माजी मंत्री गाली जनार्दन रेड्डी यांच्या घरचे लग्न झाले. त्याच्या खर्चाचा आकडा वर्तमानपत्रांनी 500 कोटींपर्यंत दिला आणि भाजपचे बडे नेते अक्षता टाकायला हजर राहिले. आयकर अधिकारी पोहोचले ते मांडव उतरल्यावर. काळ्या पैशाविरुद्धचे ‘धर्मयुद्ध’ कोणाच्या दारात लढले गेले आणि कोणाच्या मांडवात जेवले, हे त्या आठवड्यात साऱ्या शहराने पाहिले आहे.

हा खेळ जुनाच आहे. जुलै 1969 मध्ये याच शहरात अखिल भारतीय काँग्रेस समितीचे गाजलेले अधिवेशन भरले. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा विचार इंदिरा गांधींनी तेथे टिपणाद्वारे मांडला आणि राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून पक्ष फुटीच्या वाटेवर गेला. संसदीय मंडळात इंदिरा गांधींनी ज्यांचे नाव पुढे केले, त्या जगजीवनराम यांनी दहा वर्षे आयकराची विवरणपत्रेच भरलेली नाहीत, हे त्याच वर्षी चव्हाट्यावर आले. कामाच्या व्यापात ते विसरले, असे समर्थन पंतप्रधानांनी केले आणि वर्ष संपता संपता जगजीवनराम सत्ताधारी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. विरोधी गटाला त्यांच्या कराची आठवण झाली ती ते दुसऱ्या गोटात गेल्यावर. बँकांचे राष्ट्रीयीकरण हे योग्य पाऊल होते आणि कम्युनिस्टांनी त्याला पाठिंबा दिला. पण धोरण योग्य असले म्हणून मंत्र्याचा कर माफ होत नाही आणि मंत्र्याने कर चुकविला म्हणून धोरण चूक ठरत नाही. हा विवेक भांडवली पक्षांच्या भांडणात तेव्हाही नव्हता, आजही नाही.

दोघेही ज्यावर बोलत नाहीत

जातीचे लोकमत आणि धाडीचे लोकमत एकमेकांवर दात-ओठ खातात. पण एका बाबतीत त्यांचे एकमत असते. संपत्ती येते कोठून, हे दोघेही विचारीत नाहीत.

बंगळुरूत ती प्रामुख्याने जमिनीतून येते. शहराच्या कडेच्या गावात सरकारी प्राधिकरण ‘सार्वजनिक कामासाठी’ जमीन संपादनाची अधिसूचना काढते. शेतकरी हबकतो. जमीन गेलीच आहे असे समजून तो मिळेल त्या भावाला दलालाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो. मग एके दिवशी मंत्रालयातून तोच तुकडा संपादनातून वगळल्याचा आदेश निघतो. कालपर्यंत मातीमोल असलेली जमीन रातोरात सोन्याची होते. शेतकऱ्याच्या हाती राहतात जुने कागद आणि नफा जातो आदेशाची वार्ता आधी कळलेल्यांच्या खिशात. या वगळण्याला कर्नाटकात ‘डिनोटिफिकेशन’ म्हणतात; तेथील राजकारणातील निम्मी प्रकरणे या एका शब्दाभोवती फिरतात. 2014 मध्ये अर्कावती वसाहतीच्या जमिनींवरून न्यायमूर्ती केंपण्णा आयोग नेमावा लागला, तो काँग्रेसच्या राजवटीत. येडियुरप्पा तुरुंगात गेले ते भाजपच्या राजवटीतील अशाच आदेशांवरून.

त्यातही कायद्याचा एक बांध शिल्लक होता. देवराज अर्स यांच्या काळात, 1974 मध्ये, जमीन सुधारणा कायदा कडक झाला. शेती न करणाऱ्याला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बिगरशेती उत्पन्न असणाऱ्याला शेतजमीन विकत घेण्यास 79अ आणि 79ब या कलमांनी मनाई होती. 2020 मध्ये, महासाथीच्या दिवसांत लोक घरात कोंडलेले असताना, भाजप सरकारने वटहुकमाने ही कलमे काढून टाकली. जे चोरून करावे लागत होते, ते राजमार्गाने करण्याची सोय झाली. 2023 मध्ये निवडून आलेल्या कर्नाटक विधानसभेच्या 224 आमदारांपैकी 217 जण प्रतिज्ञापत्रांप्रमाणे कोट्यधीश आहेत. अशा सभागृहाकडून शेतकऱ्याच्या जमिनीचे रक्षण होईल, ही आशा बोक्याच्या गळ्यात लोण्याची हंडी बांधण्यासारखी आहे.

कराचेही तेच. मेलेल्या धनिकाच्या इस्टेटीवरील कर 1985 मध्ये काँग्रेस सरकारने रद्द केला. 1957 पासून चालत आलेला संपत्तीकर 2015 च्या अर्थसंकल्पात भाजप सरकारने रद्द केला. वसुली थोडी, खर्च फार, हे कारण अरुण जेटली यांनी दिले. वसुली वर्षाला हजार कोटींच्या आसपास होती, हे खरे. पण ज्या देशात एकेका आमदाराची मालमत्ता हजार कोटींवर जाते, तेथे साऱ्या देशाचा संपत्तीकर हजार कोटी भरतो, याचा अर्थ कर निरुपयोगी होता असा नव्हे. तो वसूल करण्याची इच्छा नव्हती, असा आहे. त्याऐवजी बड्या उत्पन्नावर 2 टक्के अधिभार लावला, असे सांगितले जाते. अधिभार उत्पन्नावर लागतो. पडून राहून दसपट होणाऱ्या जमिनीला त्याची झळ लागत नाही.

दुसरीकडे जुलै 2022 मध्ये पाकीटबंद पीठ आणि दही यांच्यावर 5 टक्के जीएसटी बसला. जुलै 2025 मध्ये तर बंगळुरूच्या लहान दुकानदारांना, बेकरीवाल्यांना, चहावाल्यांना मोबाइलवरून आलेल्या पैशांचा हिशेब धरून राज्याच्या वाणिज्य कर खात्याने लाखो रुपयांच्या नोटिसा धाडल्या. दुकानांवर ‘फक्त रोख’ असे कागद झळकले. ओरड झाल्यावर मुख्यमंत्र्यांना थकबाकी वसूल न करण्याचे आश्वासन द्यावे लागले. केंद्रात भाजप, राज्यात काँग्रेस. भाजीवालीचा प्रत्येक रुपया मोजण्याच्या बाबतीत दोघांची नजर सारखीच तीक्ष्ण. हजार कोटींच्या जमिनीपुढे मात्र दोघांनाही मोतीबिंदू होतो!

तिसरे लोकमत

यावरून जनता आंधळी आहे असा निष्कर्ष काढणे हा पराभूतांचा तर्क आहे. त्याच बंगळुरूने तिसऱ्या प्रकारचे लोकमतही दाखविले आहे.

फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या हिश्शाची रक्कम वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असे फर्मान काढले. 18 आणि 19 एप्रिल रोजी शहरातील तयार कपड्यांच्या कारखान्यांतील लाखाहून अधिक कामगार, बहुतांश स्त्रिया, रस्त्यावर आल्या. होसूर रस्ता अडला, म्हैसूर रस्ता अडला. कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिली नव्हती. पोलिसांचा मार खाऊनही त्या हटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांना ते फर्मान मागे घ्यावे लागले. त्या मोर्चात वक्कलिग होत्या, लिंगायत होत्या, दलित होत्या, मुसलमान होत्या. आणि कोणाच्याही जातीचा पुढारी पुढे नव्हता. मालमत्तेचा प्रश्नच तो होता, पण तो स्वतःच्या घामाच्या मालमत्तेचा होता.

तसेच देवनहळ्ळीचे. विमानतळाजवळच्या चन्नरायपट्टण होबळीतील 13 गावांची 1,777 एकर जमीन विमान उद्योगाच्या नावाने घेण्याचा घाट भाजपच्या राजवटीत घातला गेला आणि काँग्रेसची राजवट आल्यावरही तो सुटला नाही. एप्रिल 2022 पासून शेतकरी धरण्यावर बसले. शेतकरी, दलित आणि कामगार संघटनांची संयुक्त आघाडी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. जून 2025 मध्ये पोलिसांनी त्यांना उचलून नेले. तरी ते परतले. अकराशेहून अधिक दिवसांच्या लढ्यानंतर 15 जुलै 2025 रोजी सरकारला संपादन सोडून द्यावे लागले. कोणत्याही धाडीने, कोणत्याही चौकशी आयोगाने जे केले नाही, ते त्या गावांनी केले. त्यांनी जमीन लुटली जाण्यापूर्वीच वाचविली.

आपण काय मागायचे?

म्हणून पक्षसभासदांनी अशा प्रकरणांत दोन्ही तटांच्या गर्दीत हरवून जाता कामा नये. विरोधकांवरील निवडक धाडींचा आपण निषेध करतो, कारण आज काँग्रेसवर चालणारे हत्यार उद्या संपकरी कामगारावर चालते. परंतु तो निषेध म्हणजे कोणाच्याही इस्टेटीची वकिली नव्हे. पुढाऱ्यांच्या मालमत्तेचा तपास निवडणुकीच्या तारखा पाहून नव्हे तर दर वर्षी, सत्तेवर कोण आहे हे न पाहता, संसदेला आणि विधिमंडळाला जबाबदार असलेल्या स्वतंत्र यंत्रणेकडून झाला पाहिजे. संपादनातून वगळलेल्या प्रत्येक जमिनीची, ती नंतर कोणाच्या नावावर गेली याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे. संपत्तीकर आणि वारसा-इस्टेटीवरील कर पुन्हा बसले पाहिजेत. शेतजमीन खरेदीवरील निर्बंध पूर्ववत झाले पाहिजेत.

आणि निवडणुकांत थैलीशाहीचा पैसा थांबला पाहिजे. निवडणूक रोख्यांविरुद्ध मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि 15 फेब्रुवारी 2024 रोजी ते रोखे घटनाबाह्य ठरले. कम्युनिस्ट पक्षांनी त्यांतला एक रुपयाही घेतला नव्हता. एप्रिल 2019 नंतरच्या पाच वर्षांत एकट्या भाजपने त्यांतून सुमारे सहा हजार कोटी रुपये घेतले. ज्यांचे हात तेथे बरबटले नाहीत, त्यांनाच ही मागणी ताठ मानेने करता येते.

शाखेच्या बैठकीत, कारखान्याच्या फाटकावर, गावच्या पारावर पुढच्या वेळी कोणी विचारील की अमक्या पुढाऱ्यावरची धाड खरी की सूडाची, तेव्हा आपले उत्तर तयार असावे: धाड सूडाचीही असू शकेल आणि संपत्ती लुटीचीही असू शकेल, एक गोष्ट दुसरीला खोटे ठरवीत नाही. राखणदारांच्या आपसातील मारामारीत कोणाची बाजू घ्यायची, हा कष्टकऱ्यांचा प्रश्न नव्हे. तळे आपले आहे. देवनहळ्ळीच्या शेतकऱ्यांनी ते ओळखले, होसूर रस्त्यावरच्या कामगार स्त्रियांनी ते ओळखले. ती ओळख कोट्यवधींपर्यंत नेणे, हेच आपले काम!